छतावरचं सोलर: फिटिंग झकास, कागदपत्रं रखडलेली (४ तारे)

साताऱ्यात आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवून घेतलं. सांगाडा मजबूत, खालून झाडू मारता येईल इतका उंच. 'पीएम सूर्यघर'चं ७८ हजारांचं अनुदानही खात्यात आलं. नेट मीटरच्या (घेतलेली आणि परत पाठवलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर) अर्जासाठी मात्र इन्स्टॉलरच्या मागे लागून जीव मेटाकुटीला आला. एक तारा तिथेच कापला.

ऊन असलं की दिवसाला बारा-एक युनिट पडतात, पावसाळ्यात बरेच कमी. आणि लाइट गेली की हेही बंद, हे विकताना कुणी सांगत नाही.

आमचे हे म्हणायचे, "आपल्या एका घराने काय पृथ्वी थंड होणार आहे?" नाहीच होणार. पण शेजारच्या भाऊजींनी कुंपणावरून आमचं बिल मागून घेतलं, चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ धरून वाचलं, आणि दिवाळीनंतर त्यांच्याही गच्चीवर सांगाडा चढला. मग समोरच्यांच्या. कॅलिफोर्नियातल्या अभ्यासातही हेच दिसलंय: वस्तीत एकाने पॅनेल लावले की इतरांनी लावण्याची शक्यता वाढते. पर्यावरणावर भाषण मी कुणालाच दिलं नाही. बिलाचा फोटो मागेल त्याला पाठवते.

घेणार असाल तर नेट मीटर लागेपर्यंत शेवटचे पैसे देऊ नका.