पिटिशन प्रिपेअरर: टायपिंग चोख, पण शेड्यूल सी तुमच्याच गळ्यात

अमेरिकेत चॅप्टर ७ ची दिवाळखोरी वकिलाविना दाखल करणाऱ्यांसाठी पिटिशन प्रिपेअररची सेवा असते. तुम्ही माहिती द्यायची, ते फॉर्म टाइप करून देतात. एवढ्यापुरती सेवा ठीक. कोर्टाची ३३८ डॉलर फी मात्र त्यांच्या हातात देऊ नका. ती घ्यायला त्यांना कायद्याने मनाई आहे.

खरी अडचण शेड्यूल सी म्हणजे फॉर्म १०६सी ची. घर, गाडी, बँकेतली शिल्लक यांतलं काय वाचणार, हे या कागदावर ठरतं. कायद्याने वाचणाऱ्या या भागालाच सूट म्हणतात. कोणतं कलम लावायचं किंवा गाडी राहील का, हे प्रिपेअररला सांगताच येत नाही. तरीही छातीठोकपणे सांगणारा भेटला तर तिथूनच परत फिरा.

आधी राज्य ठरवा. सध्याच्या राज्यात ७३० दिवस झाले नसतील, तर त्या ७३० दिवसांच्या आधीच्या १८० दिवसांत जिथे जास्त काळ राहिलात तिथला कायदा लागतो. वर्षापूर्वी न्यू जर्सीहून फ्लोरिडाला गेलेल्याला म्हणूनच फ्लोरिडाची घरासाठीची प्रसिद्ध सूट मिळत नाही. न्यू जर्सी किंवा टेक्सससारखी राज्यं आपल्या यादीऐवजी सुटींची संघीय (केंद्राच्या कायद्यातली) यादीही निवडू देतात, फ्लोरिडा नाही. कॅलिफोर्नियात राज्याच्याच दोन याद्या आहेत, आणि त्यांची सरमिसळ चालत नाही.

मग आकडे. सूट किमतीला नव्हे, कर्ज वजा जाता उरलेल्या हिश्श्याला मिळते. गाडी ९,००० ची आणि कर्ज ५,००० असेल, तर वाचवायचे फक्त ४,०००. एप्रिल २०२५ पासूनच्या संघीय यादीत गाडीसाठी ५,०२५ डॉलर आहेत, म्हणजे गाडी ट्रस्टीपासून, म्हणजे मालमत्ता विकून धनकोंचे पैसे फेडायला नेमलेल्या माणसापासून, सुरक्षित. हप्ते थकले तर कर्ज देणारी कंपनी ती उचलून नेणारच. तिला सूट अडवत नाही. संघीय यादीत घरासाठी ३१,५७५ डॉलर आहेत. ती सूट वापरली नाही, तर त्यातले १५,८०० पर्यंत आणि वर १,६७५ कोणत्याही वस्तूला लावता येतात. भाड्याने राहणाऱ्यांनी हे हमखास वापरावं.

पगाराचं गणित वेगळं. साध्या कर्जासाठी आठवड्याच्या पगारातून सक्तीच्या कपाती वजा जाता उरलेल्या रकमेच्या २५ टक्के, किंवा २१७.५० डॉलरच्या वरची रक्कम, यांतली जी कमी तितकीच जप्ती होऊ शकते. २६० हातात येत असतील तर ४२.५०. टेक्ससमध्ये क्रेडिट कार्डासाठी पगाराला हातच लागत नाही. अर्ज दाखल होताच अशी जप्ती थांबते, मुलांच्या पोटगीची नाही. अर्जाआधी कमावलेला, पण हाती न आलेला पगारही मालमत्तेच्या यादीत लिहावा लागतो. इथेच बरेच जण चुकतात.

धनकोंच्या बैठकीनंतर ट्रस्टीला तुम्ही मागितलेल्या सुटींवर हरकतीसाठी ३० दिवस असतात. मालमत्ता मोठी नसेल, राज्य बदललेलं नसेल आणि सुटींची यादी स्वतः तपासली असेल, तर प्रिपेअरर पुरतो. १,२१५ दिवसांच्या आत घर घेतलं असेल तर वकीलच गाठा: राज्याची सूट अमर्याद असली तरी तिथे सहसा २,१४,००० डॉलरची मर्यादा येते.