मराठीत ठेवलेला फोन: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि मुख्यतः शुद्धलेखनाबद्दल

गेल्या दिवाळीत नवा फोन घेतला तेव्हाच ठरवलं होतं, की भाषा मराठी ठेवायची आणि कितीही अडलं तरी इंग्रजीकडे परत जायचं नाही. पाठोपाठ लॅपटॉपही मराठीत आणला. आता पावसाळा लागलाय. मधल्या काळात बँकेचं ॲप, वीजबिल, गॅसचं बुकिंग, औषधं मागवणं, रस्ते शोधणं, सगळं मराठीतून झालं. भाषा बदलावी का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आजही "बदला" असंच आहे. पण या सगळ्या अनुभवातला सर्वांत कच्चा भाग म्हणजे संदेशांमधलं शुद्धलेखन. "अर्थ कळला ना, मग झालं" असं म्हणून हा विषय नेहमी मिटवला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

चांगलं आधी सांगतो. फोनची मूळ यंत्रणा, म्हणजे सेटिंग्ज, घड्याळ, कॅमेरा, फोनबुक, बऱ्यापैकी स्वच्छ आहे. काही ठिकाणी बटणावर शब्द मावत नाही आणि शेपूट कापलं जातं, एवढंच. घसरण सुरू होते ती वरून टाकलेल्या ॲपमध्ये, आणि त्यातही जिथे पैशाचा संबंध येतो तिथे.

माझ्या बँकेच्या ॲपमध्ये पासवर्ड चुकला की लाल अक्षरांत येतं: "चूकीचा पासवर्ड. पून्हा प्रयत्न करा." पैसे गेले की येतं: "व्यवहार यशस्वीरित्या पुर्ण झाला." चार शब्द चुकलेत आणि चारही रोजच्या वापरातले. "चूक" मधला ऊकार दीर्घ असला तरी प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो, म्हणून चुकीचा. जसं मूल पण मुलाला, वीज पण विजेचं. "रीत्या" मधली री दीर्घ, "पूर्ण" मधला पू दीर्घ, "पुन्हा" मधला पु ऱ्हस्व. शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली ४ नियमांची भर, यांवरच आपल्या सगळ्यांचं शालेय मराठी उभं आहे. हे शब्द शाळेच्या पुस्तकांत सापडतात. बँकेच्या पासबुकावर इंग्रजीत अशा चार चुका छापून आल्या असत्या तर ती पासबुकं परत मागवली गेली असती, याबद्दल मला शंका नाही.

आता कुणी म्हणेल, ऱ्हस्व-दीर्घाने काय बिघडतं? बिघडतं ते असं. एका खरेदीच्या ॲपमधून दिवसभर जाहिराती यायच्या. त्या बंद करायला सेटिंग्जमध्ये गेलो. यादी लांबलचक, म्हणून वरच्या शोधपट्टीत "सूचना" टाइप केलं. उत्तर: काही सापडलं नाही. मग एक एक ओळ खाली सरकवत गेलो, तर शेवटून तिसरं सदर होतं, "सुचना". माणूस ते वाचून समजून घेतो. यंत्र अक्षराला अक्षर जुळवतं, आणि त्याच्या लेखी "सू" आणि "सु" ही वेगळी अक्षरं आहेत. म्हणजे चुकीचं लिहिलेलं सदर बरोबर लिहिणाऱ्याला सापडतच नाही. एवढं एक उदाहरण मी आजवर ज्यांना दाखवलं त्यांचं "काय बिघडतं" थांबलं.

याहून लपलेला प्रकार "ॲ" चा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, मराठी "ॲ" ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक साधा अ आणि त्यावर चंद्र असा जोडून काढायचे. ती सवय, आणि त्या काळात टाइप केलेल्या फाइली, अजून फिरतायत. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधताना एक टाकलं तर दुसरं सापडत नाही. काही ठिकाणी अक्षराच्या मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं, तेही याच जोडकामामुळे.

पण मला सर्वांत जास्त खटकतं ते "ऱ्या" चं. दुसऱ्या, पुढाऱ्यांना, कर्मचाऱ्यांसाठी, वाऱ्यावर: हा अर्धा र मराठीत पावलोपावली लागतो. दर्या आणि दऱ्या हे वेगळे शब्द आहेत आणि लिपी तो फरक दाखवते. तरी ॲपमध्ये सर्रास "दुसर्या खात्यात पाठवा" असं दिसतं. बरेच दिवस मला वाटायचं, की लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसावं. मग एका ॲपचं एकच वाक्य सेटिंग्जमध्ये बरोबर आणि एसएमएसमध्ये मोडलेलं दिसलं, तेव्हा खोलात गेलो. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि पुढे य. दुसरी तऱ्हा अशी, की साधा र, हलन्त, आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखंच उमटतं. पण बरीच सॉफ्टवेअरं मजकूर पुढे पाठवताना न दिसणारी चिन्हं कचरा समजून काढून टाकतात. जोडचिन्ह गेलं, की उरतं ते "र्या". म्हणजे लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलेलं वाटेत चुकतं. पहिल्या तऱ्हेत काढून टाकण्यासारखं काहीच नसतं, त्यामुळे ती टिकते. मराठी संदेश लिहिणाऱ्या प्रत्येक कंपनीने एवढा एकच नियम पाळला, की ऱ वापरायचा आणि जोडचिन्ह टाळायचं, तरी निम्मी तक्रार मिटेल. भारतीय भाषांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर तो ऱ शिफ्ट दाबून र च्याच कळीवर आहे.

माझ्या आत्याला बारीक अक्षर दिसत नाही. ती संदेश मोठ्याने वाचून घेते. मोडलेला "दुसर्या" यंत्र जसा लिहिलाय तसाच वाचतं, "सूर्या" मधल्या र्यासारखा. दोनदा ऐकूनही तिला कळलं नाही, की कुठल्या खात्याबद्दल बोलणं चाललंय. वर तो आवाज मराठी की हिंदी, हेही त्या पानावर भाषेची खूण काय लावलीय त्यावर ठरतं. मराठी मजकुराला हिंदीची खूण लावलेली पानं मी बरीच पाहिली. त्याच चुकीमुळे ल आणि श सुद्धा हिंदी वळणाचे दिसतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेचं प्रमाण रूप ठरवलं, १० नोव्हेंबर २०२२ ला ते सुधारलं. अक्षरांची वळणं त्यात काढून दाखवलेली आहेत. चांगल्या फाँटमध्ये ती असतातही. फक्त त्या पानाने "मी मराठी आहे" असं सांगायला हवं.

आणि फसवणुकीचं काय? खोटे संदेश ओळखायची एक खूण म्हणून आपण घरच्यांना सांगतो, की भाषा अशुद्ध असेल तर लिंक दाबू नका. इंग्रजी वापरणाऱ्याच्या हातात ही खूण अजून थोडीफार आहे. मराठी वापरणाऱ्याच्या हातातून ती खऱ्या बँकांच्या खऱ्या संदेशांनीच काढून घेतली. "आपले केवायसी अपुर्ण आहे, त्वरीत माहीती भरा" हा संदेश खरा की खोटा, हे भाषेवरून सांगणं आज अशक्य आहे. आत्याला मी आता भाषा बघायला सांगतच नाही, थेट शाखेत फोन करायला सांगतो. हा माझ्या मते या निष्काळजीपणाचा सर्वांत मोठा तोटा आहे.

चुका येतात कुठून, हेही पाहिलं. पुष्कळ ठिकाणी हिंदी फाइल पुढ्यात ठेवून मराठी केलेलं असतं. "स्थिति", "पुष्टि", "अनुमति" असे शेवटी ऱ्हस्व राहिलेले शब्द, "फ़ोटो" मधल्या फ खालचा नुक्ता, या त्याच्या खुणा. मराठीत शेवटचा इकार दीर्घ लिहितात आणि नुक्ता नसतो. दुसरं कारण जास्त किचकट आहे. भाषांतर करणाऱ्याला पडदा दिसत नाही, सुट्या ओळींची एक यादी मिळते. त्यात मध्ये रिकाम्या जागा असतात, तिथे नाव, गाव, आकडा नंतर यंत्र भरतं. इंग्रजीत हे चालून जातं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि शब्दाचं रूपही बदलतं. म्हणून "पुणे मध्ये पाऊस", "सातारा ला जाणारा रस्ता", "सुनीता ने फोटो पाठवला". पुण्यात, साताऱ्याला, सुनीताने हे यंत्राला जमत नसेल, तर वाक्यच वेगळं बांधावं: "ठिकाण: पुणे. पावसाची शक्यता." असं लिहिलं की प्रश्नच उरत नाही. त्यासाठी मराठीत विचार करणारा माणूस सुरुवातीपासून टेबलावर हवा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. तेव्हा ग्राहक थोडे आहेत ही सबब चालणार नाही.

तांत्रिक अडचण ही सबब तर मुळीच चालणार नाही. संगणकाच्या जगात खरोखर न सुधारता येणारी एक स्पेलिंगची चूक आहे. तुम्ही कुठल्या पानावरून आलात हे ब्राउझर संकेतस्थळाला "रेफरर" नावाच्या ओळीतून सांगतो. ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्या संवादाचे नियम म्हणजे एचटीटीपी. त्याच्या १.० आवृत्तीच्या १९९६ च्या दस्तऐवजात त्या शब्दातला एक आर गळलेला होता, आणि २०२२ च्या मानकातही तो तसाच गळलेला आहे, कारण जगभरच्या यंत्रांनी ते चुकीचं नाव गृहीत धरलंय. पडद्यावरच्या संदेशाचं तसं नाही. तो फक्त माणसांनी वाचायचा असतो. आज "पुर्ण" चं "पूर्ण" केलं तर कुठलंही यंत्र बंद पडत नाही. हनस्पेल हा मोफत शुद्धलेखन तपासनीस लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स दोन्हींत वापरला जातो, त्याला मराठी शब्दकोश आहे. तो सगळी सामान्यरूपं ओळखत नाही, बरोबर शब्दांखालीही लाल रेघ ओढतो. तरी संदेशांची फाइल एकदा त्यातून काढली तर "पून्हा" सारखे शब्द नक्की सापडतील.

तक्रारींचा अनुभव दोन टोकांचा आहे. बँकेला चुकांची यादी पाठवली, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" असं उत्तर आलं, आणि त्यानंतर ॲपच्या कित्येक आवृत्त्या आल्या तरी "चूकीचा" तिथेच आहे. याउलट मराठी विकिपीडियाच्या पडद्यावरचे शब्द ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर लिहिले जातात, आणि नोंदणी केलेला कुणीही ते सुधारू शकतो. तिथे प्रत्येक संदेशासोबत तो कुठे दिसणार आणि रिकाम्या जागेत काय भरलं जाणार याच्या टिपा असतात. मी केलेल्या दुरुस्त्या थोड्या दिवसांनी विकिपीडियावर दिसू लागल्या. फायरफॉक्ससाठी पाँटून आणि लिब्रेऑफिससाठी वेबलेट, अशीच दारं उघडी आहेत. मराठी नीट लिहिणाऱ्यांनी, विशेषतः निवृत्त शिक्षकांनी आणि मुद्रितशोधकांनी, तिथे जावं असं मला मनापासून वाटतं.

जिथे अशी सोय नाही तिथे तक्रार करताना नुसता पडद्याचा फोटो पाठवू नका. पलीकडे बसलेल्या माणसाला बहुधा मराठी येत नसतं, आणि फोटोतून त्याला काहीच उचलता येत नाही. चुकीचं वाक्य आणि बरोबर वाक्य, दोन्ही टाइप करून एकाखाली एक द्या, सोबत ॲपची आवृत्ती आणि ते वाक्य कुठल्या पानावर दिसतं ते लिहा. औषधांच्या ॲपवाल्यांना मी असंच पाठवलं आणि पुढच्याच आवृत्तीत "पुर्ण" चं "पूर्ण" झालं. "दुसर्या" अजून बाकी आहे. त्यासाठी परवा पुन्हा लिहिलं, या वेळी ऱ घालून टाइप केलेली ओळ जोडून.