सहाच रॉड गेले होते

गोराईतलं आमचं घर आजोबांनी बांधलेलं. कौलारू, पुढे ओटी, मागे विहीर. आई तिथेच राहते. मे महिन्यात खोल्या भाजून निघतात आणि आंघोळीच्या पाण्याला गिझर वेगळा जळतो. बोरिवलीच्या एका प्रदर्शनात ‘जमिनीतून एसी आणि गरम पाणी’ असा बोर्ड दिसला नि मी थांबलो.

त्या माणसाचं निम्मं बोलणं खरं होतं, हीच तर पंचाईत. युरोपात जुनी घरं अशी गरम करतात, खरं. काही मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं, हेही खरं. फक्त ते त्या गावाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतं, हे तो बोलला नाही. लंडनला ११-१२ अंश, आपल्याकडे २७च्या घरात. म्हणजे खाली फुकटचा गारवा नाही. हीट पंपाचा, म्हणजे घरातली उष्णता उचलून जमिनीत सोडणाऱ्या यंत्राचा, कॉम्प्रेसर चालवावाच लागतो, वीज लागतेच. ‘बिल शून्य’ म्हणाला तेव्हाच उठायला हवं होतं. घर बघायला आला, तर कौलांकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. फटींतून सगळी थंड हवा जाणार, आधी कौलांखाली सीलिंग करा, हे मला नंतर आमच्या एसीवाल्याने सांगितलं.

एकूण ४,८०,००० ठरले, ३ लाख आगाऊ. भाईंदर-उत्तनमार्गे बोअरची गाडी आली. ३०० फुटांचे दोन बोअर, १८० रुपये फूट. मी नेमका त्या दिवशी ऑफिसात. आई बिचारी त्यांना चहा करून देत होती. संध्याकाळी पोचलो तर उष्णता जमिनीत सोडणाऱ्या काळ्या नळ्या बोअरच्या आत, तोंडावर सिमेंट फासलेलं, मंडळी पसार. यंत्र दोन दिवसांनी बसवून गेले.

तीन आठवड्यांत गारवा गेला. एसीवाल्याने जमिनीतून परत येणाऱ्या नळीला हात लावला आणि झटकन काढला. “साहेब, ही तर चटका देतेय. एवढी उष्णता जमिनीत जिरतच नाहीये.”

शेजारच्या मावशी कुंपणापलीकडून म्हणाल्या, “सहाच रॉड गेले रे बाबा. मी बसून मोजले.”

बोअर खणताना एकाला एक जोडत जातात तो रॉड २० फुटांचा. ३०० फुटांना पंधरा लागायला हवे होते. सिमेंटचा थर फोडला. खाली भराव घातलाच नव्हता, म्हणून मोजता तरी आलं. नायलॉनच्या दोरीला जड नट बांधून नळीशेजारून सोडला. ११५ फुटांवर दोरी सैल पडली. दुसऱ्यात ११०. काम २२५ फुटांचं, पैसे ६०० फुटांचे.

कोणी असलं काही करणार असाल तर त्या दिवशी रजा टाका. रॉड मोजा, बोअर बुजवण्याआधी दोरी सोडा, नळ्या गळत नाहीत ना हे बघायची प्रेशर टेस्ट डोळ्यांसमोर करून घ्या.

त्याचा फोन आता लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून कागद जमवतोय. कागद म्हणजे एक कच्ची चिठ्ठी. तिच्यावर जीएसटी नंबर नाही, आणि ‘३०० फूट’ पेन्सिलीने लिहिलेलं आहे.