पूर्व भागातील अभ्यासिका व आरोग्य केंद्र : दहा महिन्यांच्या वापरानंतर

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना ही अभ्यासिका, म्हणजे मुलांना अभ्यासाला बसायचे सभागृह आणि तेथेच बुधवारी भरणारे आरोग्य केंद्र, ठाऊक आहे, त्यामुळे ती कोठे आहे, केव्हा उघडते आणि प्रवेश कसा मिळतो हे पुन्हा सांगत बसत नाही. गेल्या जूनपासून माझी दहावीतील मुलगी आणि सातवीतील मुलगा रोज संध्याकाळी तेथे बसतात. फेब्रुवारीत, परीक्षा तोंडावर आलेली असताना, मुलीला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आणि चार दिवस तापात गेले. डॉक्टरांनी तिला दिवसभरात पाणी किती पितेस म्हणून विचारले, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "अभ्यासिकेत जायचं असतं ना, म्हणून दुपारी तीननंतर मी पाणी पीतच नाही." तेथील मुलींच्या शौचालयाचे दार आतून लावता येत नव्हते, हे त्याचे कारण. तिच्या त्या उत्तरामुळेच हा अनुभव लिहायला घेतला आहे.

आधी चांगले सांगते, कारण ते खरोखर चांगले आहे. आमच्या गल्लीत समोरच यंत्रमागाचे शेड आहे आणि त्याचा खडखडाट रात्री उशिरापर्यंत थांबत नाही. शेजारच्या घरांत बायका विड्या वळतात, एकाच खोलीत तंबाखूचे सूप, चूल आणि शाळेचे दप्तर असते. अशा घरातील मुलाला वही उघडायला शांत जागा मिळणे ही मोठी गोष्ट आहे. येथे महिन्याला दीडशे रुपयांत स्वतःची खुर्ची आणि डोक्यावर नीट उजेड मिळतो. खाजगी अभ्यासिकेत चौकशी केली होती, तेथे एका मुलाचेच हजार रुपये सांगितले. दोन मुलांचा हिशेब केला तर दहा महिन्यांत माझे सतरा हजार रुपये वाचले. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या बाईला ही रक्कम किती मोठी आहे ते मी वेगळे सांगायला नको. शिवाय शनिवारी महाविद्यालयातील मुले-मुली येऊन लहानांची गणिते सोडवून घेतात. मुलाला अपूर्णांक शाळेत समजले नव्हते, ते येथे समजले.

बुधवारच्या आरोग्य सत्राबद्दल मात्र माझे मत पूर्वी वेगळे होते. त्या दिवशी दोन तास अर्धे सभागृह तपासणीसाठी जाते, मुलांना दाटीवाटीने बसावे लागते आणि लहान बाळांचे रडणे ऐकू येते. मी अभ्यासासाठी पैसे भरते, दवाखान्यासाठी नाही, असे मी ऑगस्टमध्ये तक्रारवहीत लिहिले होते. ते वाक्य मी आज मागे घेते.

ऑक्टोबरमधील एका बुधवारी सर्व मुलींचे हिमोग्लोबिन तपासले. सभागृहात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची तसबीर आहे. १९१० साली याच शहरात जन्मलेले आणि १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेलेले ते डॉक्टर. त्या तसबिरीखालीच टेबल मांडले होते. आरोग्य सेविका असलेल्या आशाताईंनी माझ्या मुलीच्या बोटाला सुई टोचली, पहिला थेंब कापसाने पुसून टाकला, दुसरा थेंब पट्टीवर घेतला आणि यंत्रावर आकडा आला ९.१. तिच्या वयाला तो किमान १२ हवा, आणि ८ ते ११ च्या मधला आकडा मध्यम रक्तक्षय समजतात. दुपारी शाळेतून आली की ती आडवी व्हायची, जिना चढताना मध्येच थांबायची, आणि मोबाइल बघत बसतेस म्हणून मी तिला रागवत असे. त्या मुलीला आळशी म्हटल्याचे मला आजही वाईट वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता, म्हणजे ही केवळ माझ्या घरातील गोष्ट नव्हे.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती दप्तराच्या कप्प्यात टाकून देत होती, कारण ती घेतली की मळमळते आणि शौचाचा रंग काळा होतो, याची तिला भीती वाटली होती. आशाताईंनी तिला बाजूला बसवून समजावले की काळा रंग लोहामुळेच येतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गोळी जेवणानंतर घ्यायची, आधी किंवा नंतर तासभर चहा घ्यायचा नाही, आणि जेवणात लिंबू पिळून घ्यायचे, म्हणजे लोह अंगी लागते. आमच्याकडे जेवण झाले की लगेच चहा होतो, तो मी बंद केला. डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन महिने रोज गोळी दिली आणि जानेवारीत आकडा ११.२ वर आला. तिला पायऱ्या चढताना पाहूनच फरक कळत होता.

मुलाचा फायदा वेगळ्या प्रकारे झाला. आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते, म्हणून प्रत्येक घरात पिंपे भरलेली असतात आणि डेंग्यूच्या डासाला असे साठवलेले स्वच्छ पाणीच लागते. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा. पण पिंप नुसते रिकामे करून भागत नाही. अंडी कडेला चिकटून राहतात आणि सुकी असली तरी कित्येक महिने जगतात, त्यामुळे आतून घासावेच लागते, हे मला पन्नाशीजवळ आल्यावर माझ्या सातवीतील मुलाकडून कळले. केंद्राने मुलांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला पिंपे तपासायला एक गल्ली दिली आहे. मुलाने आमच्याच मोरीतील पिंपावर टॉर्च धरला, तेव्हा उजेड पडताच बारीक अळ्या वळवळत तळाकडे गेल्या. झाकण होते, पण एका कडेने फाटलेले होते.

इतके सगळे ज्यांना समजते त्यांना कडीचे महत्त्व का समजू नये, हा माझा प्रश्न आहे. मुलींसाठी दोन शौचालये आहेत. एकाच्या दाराची कडी निघून गेलेली होती आणि दुसऱ्याची कडी होती, पण चौकटीतील कोयंडाच उखडलेला होता. दार बंद राहावे म्हणून एकीने आत जायचे आणि दुसरीने बाहेर दार धरून उभे राहायचे, आणि त्याच बोळात मुलांच्या चपलांचे कप्पे आहेत. नववी-दहावीच्या मुली अशा जागी जाणार नाहीत, त्या पाणी पिणे सोडतील. पाणी कमी प्यायले आणि लघवी तासन्‌तास धरून ठेवली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो, हे त्याच सभागृहातील तक्त्यावर लिहिलेले आहे. केंद्र दर महिन्याला मुलींना सॅनिटरी पॅडही देते, पण ते बदलायला बंद होणारे दार नव्हते.

मी नोव्हेंबरमध्ये तक्रारवहीत लिहिले, डिसेंबरमध्ये लेखी अर्ज दिला. जागा दुसऱ्यांच्या मालकीची आहे, दुरुस्तीला त्यांची परवानगी लागते, असे उत्तर मिळाले. जानेवारीत मी सत्तर रुपयांची कडी विकत घेऊन ओळखीच्या सुतारासह गेले, तर आम्हाला दारातूनच परत पाठवले. ज्या व्यवस्थापकांनी ते केले तेच बुधवारी मुलींना स्वतः खुर्च्या लावून देतात, म्हणून मला अधिक दुखले. मुलगी आजारी पडल्यावर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी समितीच्या बैठकीत गेले आणि माझ्यासोबत गल्लीतील सहा आया आल्या. तीन महिने जी परवानगी मिळत नव्हती ती तिसऱ्या दिवशी मिळाली आणि एका दाराला कडी बसली. दुसऱ्या दाराचा कोयंडा अजून तसाच आहे.

पंखे, पुस्तकांचे कपाट, पिण्याच्या पाण्याचे यंत्र यांबद्दल तक्रार नाही. ज्यांच्या घरी शांत जागा नाही त्यांनी मुलांना येथे जरूर घालावे, आणि मुलगी असेल तर प्रवेश घेताना आधी आत जाऊन दोन्ही दारे स्वतः लावून पाहावीत. मी पूर्वी सहा महिन्यांचे पैसे एकदम भरत असे. एप्रिलचे तेवढे भरले आहेत, पुढचे दुसरे दारही आतून लागू लागल्यावर भरीन, असे समितीला लिहून दिले आहे. माझी सत्तर रुपयांची कडी तेथील टेबलाच्या खणात स्क्रूंसह ठेवून आले आहे.