'एकही फॉल्ट नाही' असा रिपोर्ट दाखवून तडकलेला गिअरबॉक्स गळ्यात मारला

सेकंड हँड टर्बो पेट्रोल घ्यायच्या विचारात असाल तर टोकन देण्याआधी हे वाचा. 2014 ची जर्मन सेडान, 1.8 लिटर टर्बो, सात गिअरचा ड्राय डबल क्लच ऑटोमॅटिक. पुण्यातल्या डीलरने 8,75,000 रुपये घेतले, वर ट्रान्स्फरचे 18,500. महिनाही झाला नाही तोच खंबाटकी घाटात गिअरची अक्षरं लुकलुकायला लागली आणि गाडी चढावर थेट न्यूट्रलमध्ये गेली. मागे भरलेला ट्रक होता! टोइंग 6,500, मेकॅट्रॉनिक (तेलाच्या दाबावर गिअर आणि क्लच हलवणारा भाग) 1,86,400, क्लच सेट 74,200, मजुरी 14,500.

फॉल्ट कोड पी17बीएफ, म्हणजे हायड्रॉलिक दाब गेला. या गिअरबॉक्सचं हे जुनं दुखणं आहे. दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागात आट्यांनी बसतो, तो भाग आट्यांपाशीच तडकतो. तेल झिरपत राहतं, पंप पुन्हा पुन्हा चालू होतो आणि शेवटी दाब धरतच नाही. मेकॅट्रॉनिकमध्ये तेल असतं जेमतेम लिटरभर. ते भरून कोड पुसला की गाडी विकण्यापुरती चालते. माझ्या बाबतीत नेमकं हेच केलं होतं.

सगळ्यात चीड येते ती स्कॅनच्या वेळेची. डीलरने स्वतःच्या टॅबवर स्कॅन दाखवला, फॉल्ट शून्य, सगळं हिरवंगार. त्याच स्क्रीनवर खाली रेडिनेसच्या ओळी होत्या, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का ते; मेमरी पुसली की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. कॅटॅलिस्ट (धूर शुद्ध करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सर, इव्हॅप (पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा), तिन्हींपुढे 'अपूर्ण'. नेहमी चालणाऱ्या गाडीत हे तिन्ही एकदम अपूर्ण दिसले, तर मेमरी नुकतीच पुसली आहे किंवा बॅटरी काढली होती. तिथेच उठायला हवं होतं. पण समोर सही-शिक्क्याचा तपासणी अहवाल ठेवलेला असताना खालची ओळ कोण वाचतो? आणि टेस्ट ड्राइव्हला गाडी लोण्यासारखी चालली. ताजं तेल भरल्यावर चालणारच.

स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) बहुतेक वेळा इंजिनच वाचतो. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचा वेगळा स्कॅन मागा, तोही टेस्ट ड्राइव्हनंतर पुन्हा.

ओडोमीटरवर 61,300 किलोमीटर होते. चेसिस नंबरवरून सर्व्हिसच्या नोंदी काढल्या तर 2021 मध्येच 98,740! चेसिस नंबर आधी का नाही तपासला, असं विचारणाऱ्यांना सांगतो, 25,000 टोकन हातात पडेपर्यंत डीलर तो द्यायलाच तयार नव्हता. अशा माणसाला एक रुपया देऊ नका.

वॉरंटी होती, सहा महिन्यांची, 'इंजिन व गिअरबॉक्स'. मागायला गेल्यावर अटी पुढे केल्या, 'इलेक्ट्रॉनिक भाग वगळून'. मेकॅट्रॉनिक म्हणे इलेक्ट्रॉनिक! तडकलंय अ‍ॅल्युमिनियम, त्यात कसलं आलंय इलेक्ट्रॉनिक? वॉरंटीवर 'मेकॅट्रॉनिकसह' एवढं लिहून घ्या, नाहीतर ती रद्दी आहे.

पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. किलोमीटर फिरवून गाडी विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 मग कशासाठी आहे? तक्रार अर्जावर पोचसुद्धा मागून घ्यावी लागली. आरटीओत तर त्याहून कहर. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकरणाचं अधिकारपत्र लागतं. या डीलरकडे ते आहे का, एवढंच विचारलं, तर एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, आणि शेवटी 'माहिती अधिकारात अर्ज करा'. नियम त्यांचा, रजिस्टर त्यांचं, आणि अर्ज करत फिरायचं आम्ही! साहेब मीटिंगमध्ये आहेत हे उत्तर तर दारावरच लिहून ठेवा.

उरतो जिल्हा ग्राहक आयोग. 50 लाखांपर्यंतचा व्यवहार तिथे चालतो, 5 ते 10 लाखांना फी 200 रुपये, मुदत दोन वर्षं. रोखीत पैसे दिले असतील तर सिद्ध करताना नाकी नऊ येतील, म्हणून सगळे पैसे बँकेतून द्या.

आणि बदललेला मेकॅट्रॉनिक वर्कशॉपमध्ये सोडून येऊ नका. जॉब कार्डवर त्याचा नंबर लिहून घ्या, तडकलेल्या आट्यांचे फोटो काढा आणि तो भाग घरी आणा. डीलरचा वकील पहिल्यांदा तोच मागतो.