ट्रॅफर्ड बरोच्या निवडणुकीतील मतदारसेवा: एका भारतीय मतदाराचा अभिप्राय

मँचेस्टरला लागून असलेल्या ट्रॅफर्ड या महानगरी बरोचे (म्हणजे स्वतःची नगरपरिषद असलेल्या विभागाचे) नाव आपल्याला ओल्ड ट्रॅफर्डच्या क्रिकेट मैदानामुळे परिचित आहे. त्याच मैदानाजवळच्या टाउन हॉलमधून ६३ नगरसेवक बरोचा कारभार पाहतात. येथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुल देशाचा नागरिक या नात्याने, त्यांना निवडण्याचा अधिकार आहे.

मतदान केंद्रावरील व्यवस्था मला मनापासून आवडली. मतदान मे महिन्यातल्या गुरुवारी असते आणि त्या दिवशी सुट्टी नसते. पण केंद्र सकाळी ७ ते रात्री १० पर्यंत उघडे असल्यामुळे नोकरदाराची अडचण होत नाही. टेबलामागील कर्मचारी छापील यादीवर पट्टी सरकवत नाव शोधतात, त्यावर रेघ मारतात आणि मतपत्रिका हाती देतात. बोटाला शाई लावत नाहीत, यंत्रही नसते. आडोशाला जाऊन दोरीने बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची आणि घडी घालून कागद पेटीत टाकायचा. पेन्सिलीवर भरवसा नसेल, तर स्वतःचे पेन वापरण्यास मुभा आहे.

निवडणुकीची रचना मात्र नवख्याला सहज उमगत नाही. प्रत्येक प्रभागात तीन नगरसेवक असतात, त्यांची मुदत चार वर्षांची असते आणि साधारणतः दर वर्षी एकच जागा भरली जाते. चौथ्या वर्षी निवडणूक नसते. २०२३ मध्ये प्रभागांच्या सीमा बदलल्यामुळे सर्व जागांसाठी एकदम मतदान झाले, तर २०२४ मध्ये नगरसेवकाच्या जोडीला ग्रेटर मँचेस्टरच्या महापौरपदाचीही मतपत्रिका होती. तरीही ही पद्धत मला मोलाची वाटते, कारण रस्ते, कचरा आणि वाचनालये यांचा जाब विचारण्याची संधी जवळजवळ दर वर्षी मिळते.

माझा खरा आक्षेप २०२३ पासून सक्तीच्या झालेल्या छायाचित्र ओळखपत्राच्या नियमावर आहे. ज्येष्ठांचा बसपास चालतो, परंतु विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नाही. हा भेद तरुण मतदारांवर अन्याय करणारा आहे. ज्यांच्याकडे मान्य ओळखपत्र नाही, त्यांना मोफत मतदार प्रमाणपत्र मिळते, पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. भारतीय पासपोर्ट मात्र चालतो आणि त्याची मुदत संपलेली असली, तरी छायाचित्रावरून ओळख पटली म्हणजे पुरते.

आपल्या मंडळींपैकी अनेकांना हा अधिकार आपल्याला आहे हेच ठाऊक नसते, याचे मला फार वाईट वाटते. घर घेतले, कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा स्थानिक कर) भरू लागलो, म्हणून नाव मतदार यादीत आपोआप येत नाही. नोंदणी ऑनलाइन, विनामूल्य आणि थोडक्या वेळात होते. मात्र ती मतदानाच्या किमान १२ कामकाजाचे दिवस आधी करावी लागते.