सांगलीत बी.एड. : सामाजिक शास्त्रं शिकवायला शिकताना गेलेले सोळा महिने

प्रवेश घ्यायच्या आधी मी असा सविस्तर अनुभव खूप शोधला होता. जे मिळालं ते सगळं 'बी.एड. काय, होऊन जातं' नाहीतर 'बी.एड. करून नोकऱ्या कुठं आहेत' या दोन वाक्यांत संपत होतं. आता तिसरं सत्र संपत आलंय, शाळेतली आंतरवासिता म्हणजे इंटर्नशिपही झाली, म्हणून जरा बैजवार लिहिते.

मी तासगावची. इतिहासात बी.ए., एम.ए. झाले, मग लग्न, मग तीन वर्षं पुस्तकाला हात नाही. मुलगी अंगणवाडीत जायला लागली तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "तुला शिकवायचंय ना, मग फॉर्म भर की." सकाळच्या एस.टी.नं सांगली, संध्याकाळी परत. बायकांना निम्मं तिकीट झाल्यापासून रोजचं जाणंयेणं परवडतं, एवढं कबूल करायलाच हवं.

आधी माझं मत सांगते. हा अभ्यासक्रम कसं शिकवायचं ते शिकवतो, आणि बऱ्यापैकी चांगलं शिकवतो. काय शिकवायचं ते मात्र तुमचं तुम्हालाच गोळा करावं लागतं. सामाजिक शास्त्रांत हे 'काय' फार मोठं आहे. दहावीला इतिहास-राज्यशास्त्र ४० गुण, भूगोल ४० आणि अंतर्गत २०. शाळेत हे सगळं बहुतेक वेळा एकाच शिक्षकाच्या गळ्यात असतं. आपली पदवी मात्र एकाच विषयाची. मी दहावीनंतर भूगोलाचं पुस्तक उघडलं नव्हतं, आणि नववीच्या वर्गात मला 'वृष्टी' शिकवायची होती.

सीईटीबद्दल, म्हणजे प्रवेश परीक्षेबद्दल, फार लिहीत नाही. १०० प्रश्न, ९० मिनिटं. मानसिक क्षमतेचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३०, शिक्षक अभियोग्यतेचे ३०. दोन महिने रोज तासभर बसलात तर अवघड नाही. प्रवेशफेऱ्यांत कागदपत्रं मात्र आधीच तयार ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखल्यासाठी ऐनवेळी पळापळ होते. माझी झाली.

पहिल्या सत्रात सूक्ष्म अध्यापन असतं. ज्याला लोक 'ते सहा मिनिटांचं नाटक' म्हणतात, ते मला या दोन वर्षांतलं सगळ्यात कामाचं वाटलं. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे काय जमलं, काय चुकलं ते ऐकणं), बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटं पाठ आणि सहा मिनिटं प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य. समोर मुलं म्हणून आपलेच सहकारी छात्राध्यापक बसतात. माझं पहिलं कौशल्य प्रस्तावनेचं होतं आणि घटक होता छोडो भारत चळवळ. उभी राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले, "आज आपण छोडो भारत चळवळीचा अभ्यास करणार आहोत." मागून सरांनी विचारलं, "हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं ते, पहिल्याच वाक्यात केलंत. आता मुलांनी विचार कशाचा करायचा?"

त्या बारा मिनिटांत शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, तू तासगावची ना? तुमच्या कचेरीवरचा मोर्चा घे की." दुसऱ्यांदा उभी राहिले. तहसील कचेरीत आपण कशाला जातो? सातबारा काढायला. ती कचेरी कुणाची? सरकारची. आणि एक दिवस हजारो माणसं कचेरीवर चालून गेली, इथला झेंडा उतरवून आमचा लावा म्हणाली, तर ती माणसं काय सांगत असतील? समोरचे सगळे मोठे होते, एम.ए. झालेले होते, तरी क्षणभर गप्प झाले. मग एक जण म्हणाला, "की हे सरकार आमचं नाही." तिथं मी हेतुकथन केलं. सप्टेंबर १९४२ मधला तासगावचा मोर्चा मला लहानपणापासून माहीत होता, पण त्याचा प्रश्न करता येतो हे त्या दिवशी कळलं.

फलकलेखनाचंही तसंच. खडू मोडून अर्धा करायचा, तिरका धरायचा, म्हणजे किरकिरत नाही. फळ्याकडं पूर्ण पाठ न करता लिहायचं. ओळ वर चढते की खाली उतरते ते मागच्या बाकावर जाऊन स्वतः बघायचं. भूगोलासाठी महाराष्ट्राचा नकाशा हातानं काढायला मला दीड महिना लागला. रात्री स्वयंपाकघरातल्या फरशीवर मुलीच्या पाटीखडूनं काढायचे. आता चाळीस सेकंदांत निघतो, आणि काढत असताना वर्ग आपोआप शांत होतो, कारण मुलं आपला जिल्हा कुठं येतोय त्याची वाट बघत असतात.

आता तक्रार. फायली. पाठ टाचणांची (म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यांची) फाईल, निरीक्षणाची फाईल, घटक नियोजन, वार्षिक नियोजन, घटक चाचणी आणि तिचा संविधान तक्ता (कुठल्या उद्दिष्टाला किती प्रश्न, किती गुण याचा आराखडा), कृतिसंशोधन, प्रत्येक पेपरचं प्रात्यक्षिक. यातली निम्मी कामं खरोखर उपयोगाची आहेत. संविधान तक्ता बनवल्यावरच मला कळलं की मी काढलेल्या प्रश्नपत्रिकेत सगळे प्रश्न ज्ञानाचे होते, उपयोजनाचा एकही नव्हता. पण तीच माहिती सुवाच्य अक्षरात तीन ठिकाणी उतरवायची, समास आखायचे, रंगीत मुखपृष्ठं करायची, यात जो वेळ जातो त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. एकेका टाचणाला दोन-दोन तास. त्यातला अर्धा तास जरी घटकाच्या वाचनाला मिळाला असता तर आमच्यातले कितीतरी पाठ सुधारले असते. आमच्या कॉलेजात हे दोनदा बोलून दाखवलं. ऐकून घेतलं, बदललं नाही.

मानसशास्त्राचे, शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाचे पेपर वाचून होतात. मुलं कशी शिकतात हे मांडणारे पियाजे आणि वायगॉट्स्की नीट वाचा, टीईटीला म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेलाही येतात.

आंतरवासिता एकूण वीस आठवडे, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. खरं शिक्षण इथं होतं. मला नदीकाठच्या वस्तीतली शाळा मिळाली. नववीला 'वृष्टी', त्यात प्रतिरोध पर्जन्य, म्हणजे डोंगरानं ढग अडवल्यामुळं पडणारा पाऊस. पाठ्यपुस्तकातले शब्द वाताभिमुख आणि वातविन्मुख, म्हणजे डोंगराची वाऱ्याकडची आणि वाऱ्याच्या आडची बाजू. दुसरा शब्द मुलांना उच्चारताच येईना. मी फळ्यावर आपल्याच जिल्ह्याचा आडवा छेद काढला. पश्चिमेला सह्याद्री, चांदोली, शिराळा. मग वाळवा, मिरज. शेवटी पूर्वेला जत आणि आटपाडी. ढग कुठून येतात, डोंगराला अडल्यावर वर का चढतात, वर गेल्यावर हवा थंड होऊन काय होतं, हे मुलांनीच सांगितलं. मागून एका मुलानं विचारलं, "मॅडम, माझा मामा जतला असतो. तिकडं पाऊस न्हाई, पण आमच्या घरात तर माळ्यापर्यंत पाणी आलतं. पाऊस तर इथंबी डोंगराकडच्याएवढा न्हाई."

हा प्रश्न माझ्या टाचणात नव्हता. त्याचं उत्तर त्याच छेदात होतं. आपल्या अंगणात पडणारा पाऊस वेगळा आणि वर महाबळेश्वरात, कोयनेच्या खोऱ्यात पडून कृष्णेनं आपल्याकडं आणलेलं पाणी वेगळं. दुसऱ्या दिवशी मी सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे घेऊन गेले. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पूल १९२९ चा, त्याला व्हाइसरॉयचं नाव का, असा इतिहासही त्यातून निघाला. मुलांनी घरोघरी विचारून भिंतीवरच्या पुराच्या खुणा जमिनीपासून टेपनं मोजल्या आणि वहीत तक्ता केला. एका मुलीनं तीन खुणा लिहिल्या होत्या, २००५, २०१९ आणि २०२१, आणि तिसरीपुढं लिहिलं होतं, 'ही मी स्वतः केली.'

त्या वहीचं पान माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. प्राथमिक साधन (घटनेचा थेट पुरावा) आणि दुय्यम साधन (नंतर कुणी लिहिलेलं) यांच्या व्याख्या मी एम.ए.ला पाठ केल्या होत्या; नववीतली ती मुलगी स्वतःच एक प्राथमिक साधन तयार करून बसली होती.

इतिहासाचा माझा सगळ्यात चांगला पाठ आठवीचा झाला, प्रतिसरकारचा, म्हणजे १९४२ च्या चळवळीत भूमिगतांनी इंग्रजांना न जुमानता चालवलेल्या सरकारचा. पुस्तकात 'साताऱ्याचे प्रतिसरकार' वाचल्यावर मुलं म्हणाली, "मॅडम, हे साताऱ्याचं आहे, आपलं नाही." क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, प्रतिसरकारचं मोठं केंद्र कुंडल, आणि ही दोन्ही गावं आज सांगली जिल्ह्यात. मुलांना हे कोडं वाटलं. मग नकाशा घेतला. १९४२ ला सांगली जिल्हाच नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याला सांगली नाव मिळालं. त्याआधी तासगाव इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात, सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात, कुंडल औंध संस्थानात. तीन रंगांचे खडू घेऊन मुलांनी तालुके रंगवले. रंगवून झाल्यावर एक मुलगा उठून फळ्यापाशी आला आणि बोट ठेवून म्हणाला, "म्हणजे इथनं पळाला की दुसऱ्या सरकारात. पोलिस कसा धरणार?" भूमिगतांना संस्थानी हद्दींचा आसरा कसा मिळाला, हे मी सांगायच्या आधी त्यानं नकाशावरून वाचलं. औंधच्या राजानं १९३९ मध्ये प्रजेला राज्यघटना दिली, गावाचा कारभार पंचायतीकडं दिला, हे ऐकल्यावर नागरिकशास्त्रातल्या ग्रामपंचायतीकडं तास आपोआप वळला. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र वेगळे तास असतात, पण पस्तीस मिनिटांत ते एकत्र येऊ शकतात, हे त्या दिवशी मी अनुभवलं. न्यायदान मंडळं आणि कमी खर्चातल्या गांधी विवाहांवर दुसऱ्या दिवशी पूर्ण तास गेला, कारण मुलं घरून आजी-आजोबांना विचारून आली होती.

मी इतिहास आणि भूगोल या दोन अध्यापन पद्धती घेतल्या, हा निर्णय बरोबर ठरला. इतिहासवाल्या पुष्कळ जणी दुसरी पद्धत मराठी घेतात, सोपं जातं म्हणून. सामाजिक शास्त्रांतच राहायचं असेल तर भूगोल घ्या. समोच्चरेषा, नकाशाचं प्रमाण, वितरणाचे नकाशे यांच्याशी भांडण एकदाच होतं, पण ते कॉलेजात झालेलं बरं. पाचवीपासून दहावीपर्यंतची बालभारतीची इतिहास-भूगोलाची पुस्तकं पहिल्या सुट्टीतच ओळीनं वाचून काढा. मी हे उशिरा केलं.

आंतरवासितेतली एक गोष्ट खटकली. शाळेत शिक्षक कमी, त्यामुळं रिकामे तास आमच्यावर यायचे. कधी गणित, कधी कवायत, कधी नुसतं वर्ग सांभाळणं. मुलांशी ओळख वाढली हे खरं, पण ज्या पाठाचं निरीक्षण व्हायला हवं होतं तिथं निरीक्षकाला वेळ नसायचा, आणि शेरा मागाहून 'चांगला' एवढाच. मला कुठं चुकतंय ते ऐकायचं होतं. शेवटी आम्ही तिघींनी ठरवलं, एकमेकींच्या तासाला मागं बसायचं आणि सूक्ष्म अध्यापनासारखं सहा मिनिटं खरं बोलायचं. 'तू एकाच बाजूच्या मुलांना प्रश्न विचारतेस' हे मला मैत्रिणीनं सांगितलं. खिडकीकडची रांग माझ्याकडून दोन महिने सुटत होती.

नोकरीचं बघूनच बरेच जण ठरवतात, म्हणून तेही लिहिते. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा दुसरा पेपर लागतो, १५० गुणांत सामाजिक शास्त्रांचे ६०. भरतीसाठी टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० प्रश्न दोन तासांत, आणि मग पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ. ही चाचणी २०१७, मग २०२३, मग २०२५ अशी झाली, तेव्हा दरवर्षी होईल असं धरून बसू नका. लागलात तर माध्यमिकला शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं महिना १८,००० मानधन. विनाअनुदानित शाळेत त्याहून बरंच कमी मिळतं, आणि घड्याळी तासिकांवर, म्हणजे तासागणिक मिळणाऱ्या पैशांवर, घर चालत नाही. घरात आधी बसून हे सगळं बोलून घ्या. आम्ही बोललो होतो, म्हणून आज ताण कमी आहे.

नुसती एक पदवी हातात असावी म्हणून येणार असाल तर दोन वर्षं फायलींतच जातील आणि तुम्हाला त्याचा राग येईल. वर्गात उभं राहायची ओढ असेल तर या. नियमित उपस्थितीचं कॉलेज बघा, सरावशाळा कुठल्या देतात ते विचारा, आणि आधीच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीशी बोला.

माझा अंतिम पाठ चौथ्या सत्रात आहे. घटक निवडलाय दहावीच्या भूगोलातला पहिला, 'क्षेत्रभेट'. प्रश्नावली तयार करायला नववीतल्या त्याच मुलांना बोलावणार आहे. तोवर ती दहावीत गेलेली असतील.